आमची कादंबरी आणि गावचा कारभार

दिवाळी अंकांतून समीक्षेचे जे लेख येतात त्यांत मराठी कादंबरी नेहमी आजारी असते. कोणी म्हणतो तिचा अनुभव तोकडा पडला, कोणी म्हणतो तिची भाषा थकली, तिसरा म्हणतो तिला वाचकच उरला नाही. नाडी पाहणारे पुष्कळ, औषध सांगणारे थोडे. मला आज तिच्या प्रकृतीविषयी नव्हे, तिच्या दृष्टीविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. आमच्या कादंबरीला लांबचे चांगले दिसते. इतिहासातले राजे दिसतात, राजधानीतले मंत्री दिसतात. अगदी जवळचेही दिसते. माजघर दिसते, शेजघर दिसते, मनाचा अंधारा कोपराही दिसतो. पण या दोहोंच्या मधले जे अंतर, म्हणजे घराच्या उंबरठ्यापासून गावच्या वेशीपर्यंतचे, तेवढे मात्र तिला धूसर दिसते. त्या अंतरात रस्ता असतो, नळ असतो, गटार असते, दिव्याचा खांब असतो, दवाखाना असतो, स्मशान असते. या साऱ्यांचा कारभार जी पाहते ती ग्रामपंचायत किंवा नगरपालिका मराठी कादंबरीत जवळजवळ नाहीच.

वाचकांनी थोडा विचार करून पाहावा. कादंबरीचा नायक जन्माला येतो तेव्हा त्याची पहिली नोंद नगरपालिकेच्या वहीत होते. तो रांगतो त्या अंगणाबाहेरचे गटार तिचे. तो पाटीदप्तर घेऊन जातो ती शाळा पुष्कळदा तिची, नाहीतर जिल्हा परिषदेची. तो प्रेमात पडतो तेव्हा ज्या बागेतल्या बाकावर बसतो तो बाक तिचा, आणि बाकावरचा दिवा लागत नसेल तर तोही तिचाच. शेवटच्या प्रकरणात लेखकाने त्याला मारलेच, तर त्याला पोचवायचे तेही तिच्याच स्मशानात, तिच्याच दाखल्यानिशी. १९९२ साली झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या १८ विषयांची यादी राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात घातली. त्यात पाणी आहे, रस्ते आहेत, अग्निशामक दल आहे, झोपडवस्त्यांची सुधारणा आहे, दुर्बळांच्या हिताचे रक्षण आहे, आणि आश्चर्य म्हणजे सांस्कृतिक व सौंदर्यविषयक गोष्टींना उत्तेजन देणे हेही आहे. पण आम्हा साहित्यिकांना नगरपालिका म्हटले की एकच गोष्ट आठवते: नाट्यगृहाचे भाडे!

हे असे का झाले? याचा उगम शोधू गेल्यास एक मोठी विलक्षण गोष्ट हाती लागते. मराठी सामाजिक कादंबरीचे जनक म्हणून ज्यांना आपण मानतो ते हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि तिचे अध्यक्षही झाले. तो काळ पुण्यावर वारंवार येणाऱ्या प्लेगच्या साथींचा. घाण, उंदीर, कोंदट वाडे, तुंबलेली गटारे आणि मृत्यूचे दाखले या सगळ्यांशी त्या काळच्या नगरपालिकेचा रोजचा संबंध. म्हणजे गावचा कारभार हरिभाऊंना आतून ठाऊक होता. पण त्यांच्या कादंबरीत काय आले? ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये यमूच्या तोंडून त्यांनी घराच्या भिंतींआड कोंडलेले दुःख असे सांगितले की त्यानंतर मराठी माणसाला ‘घर’ हा शब्द पूर्वीसारखा उच्चारता येईना. ‘मी’मध्ये भावानंद आला. समाजासाठी आयुष्य वाहणारा, व्रतस्थ, घरसंसार दूर ठेवणारा. समाजाचे भले करू पाहणारा माणूस विरक्तच असला पाहिजे, अशी जी एक समजूत आमच्या कादंबरीत पुढे दृढ झाली तिचा पाया मला येथे दिसतो. हरिभाऊ स्वतः मात्र तसे नव्हते. ते घरात राहिले, लेखन केले, आणि सभेला जाऊन बसले. लेखकाने जे आयुष्य जगले ते त्याच्या नायकाच्या वाट्यास आले नाही. नायकाला त्याग मिळाला, सभा मिळाली नाही.

तेव्हापासून आजतागायत आमचे नायक पुष्कळ गोष्टी करीत आले आहेत. ते तुरुंगात गेले, संप घडवून आणले, आश्रम काढले, खेड्यात जाऊन शाळा काढल्या, निराश होऊन दारूही प्याले. पण नगरपालिकेच्या स्थायी समितीत बसून पाण्याच्या टाकीची जागा कोणत्या वस्तीत असावी यावर रात्री आठपर्यंत वाद घालणारा नायक माझ्या वाचनात आलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, कादंबरी म्हणजे काही नगरपालिकेचा वार्षिक अहवाल नव्हे! टाकीच्या जागेत कसले आले आहे नाट्य?’ आक्षेप रास्त आहे. कलावंताने अमुकच विषय घ्यावा असे फर्मान कोणी काढू नये. मी तर मुळीच काढणार नाही. पण टाकीत नाट्य नसते हे मात्र मला मान्य नाही. नॉर्वेच्या इब्सेनने १८८२ साली ‘लोकशत्रू’ म्हणून जे नाटक लिहिले त्याचा विषय काय? एका लहान गावातली स्नानगृहे, आणि त्यांच्या पाण्यात मिसळलेली घाण. डॉक्टर म्हणतो पाणी दूषित आहे. गावचा नगराध्यक्ष, जो त्या डॉक्टरचा सख्खा भाऊ, म्हणतो हे बोललास तर गावाचा धंदा बुडेल. छापखानेवाला, वर्तमानपत्रवाला, घरमालक सगळे आधी डॉक्टरच्या बाजूचे असतात. नव्या नळांचा खर्च आपल्या खिशातून जाणार हे कळताच ते एकेक करून पलीकडे जातात. शेवटी भरसभेत गाव त्या डॉक्टरला शत्रू ठरवते. नळाची एक तक्रार, आणि तिच्यातून भाऊबंदकी, लोभ, भित्रेपणा, लोकमताचा खोटेपणा सगळे बाहेर पडते. आपल्या नाटककारांना इब्सेन परका नाही. त्याच्या नोराने घराचे दार ओढून घेतले त्याची छाया रांगणेकरांच्या ‘कुलवधू’वर (१९४२) पडली, असे टीकाकार सांगत आले आहेत. म्हणजे आम्ही इब्सेनचे घर घेतले. त्याचे गाव घेतले नाही. आम्हाला नोरा आपली वाटली, नगराध्यक्ष आपला वाटला नाही. वास्तविक नोरा आपल्या गल्लीत क्वचितच सापडेल. तो नगराध्यक्ष मात्र हटकून सापडेल.

बरे, आपल्याकडे असे लेखकच झाले नाहीत असेही नाही. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ‘गुलामगिरी’ (१८७३) लिहून झाल्यावर आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हातावेगळा होण्यापूर्वीची ही वर्षे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चावे असा प्रस्ताव सभेपुढे आला, तेव्हा विरोधात मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे. १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. लोकांच्या आरोग्याची काळजी वाहणे हे जिचे काम, तिने या दुकानांकडे काणाडोळा कसा करावा, हा त्यातला रोख. त्याआधीच, १८६८ साली, आपल्या घरच्या पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला होता.

या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. हौद म्हणजे समता, दारूच्या दुकानांविरुद्धचे पत्र म्हणजे आरोग्य, आणि हजार रुपयांना विरोध म्हणजे सार्वजनिक पैसा कोणासाठी खर्चावा याचा विवेक. गावचा कारभार म्हणतात तो याहून निराळा काय असतो? आणि जोतीरावांच्या गद्यात जो सडेतोडपणा आहे, कोणाचे किती गेले आणि कोणाच्या घरात किती आले याचा जो रोकडा हिशेब आहे, त्याच्यामागे सभेच्या टेबलावरचे कागद वाचणाऱ्या माणसाची सवय आहे असे मला नेहमी वाटते. आमच्या वाङ्मयेतिहासांत जोतीरावांच्या भाषेची चर्चा होते, त्यांच्या विचारांची होते. त्यांच्या सभासदत्वाला मात्र चरित्राच्या तळटीपेत जागा मिळते. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत निवडून गेले आणि शहरातल्या रे मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुणेकर आज ‘मंडईत जाऊन येतो’ म्हणतात तेव्हा एका साहित्यिक सभासदाने दुसऱ्या साहित्यिक सभासदाला वाहिलेल्या आदरातूनच ते पिशवी घेऊन फिरत असतात. पण त्यांना हे कोणी सांगत नाही.

आता खेड्याकडे वळू. ग्रामीण साहित्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात जुन्या गावाचा कारभार कसा चाले, बलुते कोणाला किती जाई, कुणब्याच्या खळ्यावर किती हात पसरत, हे असे उलगडून दाखवले की कादंबरीकाराला तो कायमचा शिधा पुरावा. जुने गाव म्हणजे गोडीगुलाबीने नांदणारे कुटुंब, ही भाबडी कल्पना त्या पुस्तकापुढे टिकत नाही. गाव स्वतःचे स्वतः चालवी हे खरे. पण ते कोणाच्या पाठीवर चालवी, हेही तितकेच खरे.

आणि मग १९५५ साली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली. तिच्या थोरवीबद्दल मी नव्याने सांगायला नको. औंध संस्थानाच्या मुलखातली धनगरांची एक वाडी, आणि तेथे नेमणूक होऊन आलेला पोरसवदा मास्तर. शाळामास्तराचा पेशा माझाही असल्यामुळे मी ही कादंबरी थोड्या निराळ्या डोळ्यांनी वाचतो. मास्तर शाळा भरवतो हे तर झालेच; पण तो लोकांची पत्रे लिहितो, भांडणे निस्तरतो, अडल्यानडल्याला तालुक्याला जाऊन येतो. वाडीत पंचायत नाही, म्हणून मास्तरच पंचायत होतो. त्याच्या पुढाकाराने सारी वाडी अंगमेहनत करून तालीम बांधते, राजेसाहेब येऊन तिचे उद्घाटन करतात, आणि वाचकाच्या मनात एक समाधान दाटून येते. त्यानंतर दुष्काळ येतो. तालीम जागच्या जागी राहते आणि माणसे निघून जातात.

‘बनगरवाडी’चा शेवट वाचून आपण हळहळतो. पण ही हळहळ बहुधा निसर्गाच्या क्रौर्यावर जाऊन थांबते. मला तेथे आणखी एक प्रश्न दिसतो. ज्या वाडीला एकजुटीने तालीम बांधता आली तिला पाण्याचे काही करता आले नाही, ते का? एकजूट होती, हात होते. नव्हती ती टिकाऊ संस्था, आणि संस्थेपाशी असावा लागणारा पैसा व अधिकार. मास्तर कितीही भला असला तरी एक माणूस म्हणजे पंचायत नव्हे. माडगूळकरांनी हा प्रश्न उच्चारला नाही, आणि ते त्यांचे काम नव्हे. त्यांनी चित्र इतके खरे काढले की प्रश्न त्यातून आपोआप निघावा. तो काढण्याचे काम टीकाकारांचे होते. गंमत अशी की त्याच औंध संस्थानात १९३९च्या जानेवारीत, गांधीजींच्या सल्ल्याने, गावपंचायतींच्या हाती सत्ता देणारी राज्यघटना अमलात आली. एका संस्थानिकाने आपण होऊन प्रजेच्या हाती कारभार द्यावा, हा केवढा कादंबरीविषय! वाडी अमर झाली. पंचायतीचा प्रयोग इतिहासाच्या पुस्तकांत राहिला.

शहराचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’त (१९५८) चाळकरी गच्ची खुली व्हावी म्हणून चळवळ उभारतात. ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ वाचताना हसून पोट दुखते. पण हसू ओसरल्यावर ध्यानात येते की मोकळ्या जागेसाठी, वाऱ्याच्या एका झुळकेसाठी, दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांनी केलेली ती मागणी होती. मालक, शिष्टमंडळ, ठराव, फूट हे सगळे त्यात आहे. लहान प्रमाणावरचे ते स्वराज्यच म्हणावयाचे. जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३) झोपडपट्टीत शिरली. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) कावाखान्यातले जिणे पहिल्या प्रथम आतल्या माणसाच्या वाणीने सांगितले. या पुस्तकांनी पांढरपेशा वाचकाची झोप उडवली, हे त्यांचे थोर कार्य. पण नळ का नाही, संडास का नाही, त्यांचा पैसा कोणत्या बाजूला वळला, हे सांगणारी खोली या वाङ्मयात क्वचितच उघडते. पालिका आलीच तर झोपड्या पाडणारी गाडी होऊन येते, आणि धूळ उडवून निघून जाते. दुसरीकडे अरुण साधूंनी ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’मध्ये सत्तेची खोली उघडली, आणि फार समर्थपणे उघडली, पण ती मुख्यमंत्र्यांची. म्हणजे दुःख गल्लीत राहिले आणि सत्ता मंत्रालयात राहिली. दोहोंच्या मधला जिना कोणी दाखवला नाही.

या बाबतीत कादंबरीच्या आधी चित्रपट जागा झाला, हे मला कबूल केले पाहिजे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) एका लोकशाहिरावर खटला भरला जातो, त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली असा आरोप. न्यायालयात त्या कामगाराच्या बायकोची साक्ष होते. गटारात उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकून पाहत असे. झुरळ बाहेर आले तर आत श्वास घेण्यासारखी हवा आहे असे समजायचे. सुरक्षिततेचे साधन म्हणून त्याच्याजवळ एवढेच. ती बाई आवाज न चढवता हे सांगते आणि प्रेक्षागृह गप्प होते. माणसांना हाताने मैला उपसायला लावण्यास बंदी करणारा नवा कायदा २०१३ साली झाला होता. कायदा दिल्लीत होतो. झुरळ आपल्या गल्लीत असते. मधले काम कोणाचे, हा प्रश्न तो चित्रपट कोणालाही उद्देशून न विचारता विचारतो. एखाद्या कादंबरीने तो आधी विचारायला हवा होता.

आणि ज्या ठिकाणी आम्ही गावच्या कारभाऱ्याला पुस्तकात किंवा पडद्यावर आणले, तेथे त्याचे काय केले? एक तर तमाशापटातला मिशीवाला सरपंच, बाईवर नजर ठेवणारा. नाहीतर विनोदी कथेतला बावळट मेंबर, भाषण करताना अडखळणारा. दोघेही खोटे आहेत असे मी म्हणत नाही. दोघेही मी पाहिले आहेत. पण ज्याला आपण सतत हसतो त्याच्याकडून आपण अपेक्षा ठेवीत नाही, आणि ज्याच्याकडून अपेक्षा ठेवीत नाही त्याला जाबही विचारीत नाही. विनोदाने येथे नकळत कारभाऱ्यांची मोठी सोय केली आहे. १९९३ पासून पंचायतींत व नगरपालिकांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळू लागल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. हजारो बायका ओटा सोडून खुर्चीवर येऊन बसल्या. त्यांच्याबद्दल आम्हाला एकच गोष्ट सुचली: नवराच कारभार पाहतो, ती नुसती सही करते. ‘सरपंचपती’ हा शब्द आम्ही घडवला आणि हसलो. पण यांपैकी एखादी बाई एके दिवशी सही करायला नकार देते. हा कागद आधी मला वाचून दाखवा, असे ती नवऱ्याला सांगते. त्या दिवशी त्या घरात जे घडत असेल ते लिहायला आमची लेखणी धजलेली नाही. हरिभाऊंची यमू आज असती तर कदाचित वॉर्ड क्रमांक चारची सभासद असती!

नाट्य कोठे असते, हे दाखवायला एकच उदाहरण पुरे आहे आणि ते आपल्याच इतिहासातले आहे. महाडचे चवदार तळे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याची गोष्ट आपण २० मार्च १९२७ पासून सांगतो. ती त्याआधी सुरू होते, आणि सुरू होते ती एका ठरावाने. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे मोकळे झाले. पुढे तीन वर्षे त्या ठरावाच्या बळावर कोणाला त्यातले ओंजळभर पाणी पिता आले नाही. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे चळवळीच्या बाजूचे होते. तरी गाव गाव होते. मग डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतून हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. गावात दंगल झाली, लोकांना झोडपले गेले, आणि १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. यापुढचा प्रसंग आपण सहसा सांगत नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला. पुढे तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा दाखल झाला, डिसेंबरात मनाई हुकूम आला, आणि हे प्रकरण चालत चालत १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने संपले. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षे!

चळवळीची गाणी झाली, आत्मचरित्रे झाली, इतिहास झाले, आणि ते तळ्याच्या काठावरून सांगितले गेले हे योग्यच आहे. पण मी कादंबरीकार म्हणून सभेच्या खोलीकडे पाहतो. ठराव करणाऱ्या आणि मागे घेणाऱ्या त्या सभासदांत कोणी राक्षस नव्हते. दुकानदार, वकील, इनामदार असे चारचौघांसारखे लोक. १९२४ साली ठरावाला होकार देताना त्यांना काय वाटले? हा कागदच आहे, पाणी प्यायला कोण येतो, असे वाटले काय? आणि मागे घेण्याच्या सभेला जाताना एखाद्याचे पाय जड झाले असतील काय? त्या रात्री घरी जेवताना मुलीने विचारले असेल, ‘बाबा, आज सभेत काय झालं?’ तर बाप काय बोलला असेल? हा माणूस मराठी कादंबरीला अजून भेटायचा आहे. समता ही घोषणेत सोपी असते, मोर्च्यात धैर्याची असते. पण ती शेवटी खरी ठरते किंवा खोटी ठरते ती अशा पंधरा-वीस सामान्य माणसांच्या खोलीत.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येणार नाही. शाळामास्तराला शिरगणतीची आणि मतदारयाद्यांची कामे करावी लागतात. आम्ही त्याबद्दल कुरकुर करतो, पण त्यामुळे गाव उंबरठ्या-उंबरठ्याने पाहायला मिळते. एका आळीत घरोघर नळ असतो. पुढच्या आळीत दहा घरांत एक. वेशीबाहेरच्या वस्तीत नळाचा खांब असतो, त्याला पाणी नसते. टँकरच्या दिवशी माझ्या हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढतात. ही उतरंड पावसाने केलेली नाही. कोणत्या तरी सभेत पाइपाची लांबी ठरली. कोणी तरी ‘मंजूर’ म्हटले. कोणी तरी गप्प बसले. नागरिकशास्त्राच्या तासाला मुले नगरपालिकेची कामे घडाघडा म्हणून दाखवतात: पाणीपुरवठा, दिवाबत्ती, सांडपाण्याची व्यवस्था, जन्ममृत्यूची नोंद. परीक्षेत गुण मिळतात. त्याच मुलांना मराठीच्या तासाला जे वाङ्मय भेटते त्यात पाणी म्हणजे नदी असते, विहीर असते, डोळ्यांतले अश्रू असतात. सभेत ठरलेले पाणी तेथे नसते. म्हणून एक विषय पाठ होतो आणि दुसरा मनात उतरतो. ज्याचा मनाशी संबंध येत नाही त्याची फिकीर मोठेपणी कोण करणार? मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ त्या अफाट शहराला निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक कारभार पाहत होता. न्यायालयात वाद चालले. पण घरोघर या गोष्टीची चुटपुट लागली असे दिसले नाही. जे सभागृह कल्पनेत कधी नव्हतेच, ते प्रत्यक्षात नाहीसे झाल्याचे कोणाला जाणवणार?

याचा अर्थ लेखकांनी उद्या नगरपालिकेची स्तोत्रे लिहावीत, असा कोणी घेऊ नये. स्तुतीची सोय तिने स्वतःच्या फलकांवर भरपूर केलेली असते. मला हवे आहे ते एवढेच, की माणसाच्या सुखदुःखाचा पाठलाग करताना आमच्या कादंबरीने वेशीच्या आतच वळू नये. थोडे पुढे जाऊन त्या खोलीचे दार ढकलावे. तेथे केवळ लबाडीच सापडेल असेही नाही. नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहा. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या दुष्काळी गावाने ओढ्यानाल्यांवर पाणी अडवले, शेतीसाठी कूपनलिका खणायला बंदी केली, उसासारखे तहानलेले पीक नको म्हटले. दरसाल पाऊस किती झाला ते मोजून गाव एकत्र बसते आणि कोणते पीक घ्यायचे ते ठरवते. वृत्तपत्रांत हे यशोगाथा म्हणून येते आणि वाचून आपण पान उलटतो. पण ज्याच्या रानात ऊस उभा राहू शकत होता त्याने तो सोडला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला ‘खणू नकोस’ म्हटले, आणि तरी दोघे एका पंक्तीला बसले, हे कसे घडले असेल? यशोगाथेला हा प्रश्न पडत नाही. तो कादंबरीला पडला पाहिजे. बनगरवाडीच्या माणसांना ज्या प्रश्नाने देशोधडीला लावले, त्याचे एक उत्तर त्याच कोरड्या मुलखाच्या जवळपास, माणसांनी बसून, मोजून, भांडून काढले आहे.

घराची कथा हरिभाऊंनी सांगितली, वाडीची माडगूळकरांनी सांगितली, वस्तीची दया पवारांनी सांगितली. गावच्या सभेची कथा कोणी तरी सांगायची राहिली आहे. तिला थोर नायक लागणार नाही. एक लांब टेबल, वीसएक खुर्च्या, कार्यक्रमपत्रिकेवरचा पाण्याचा विषय, आणि हात वर करावा की न करावा या विचारात पडलेला एक साधा माणूस एवढे तिला पुरे आहे.